आधी माणूस की आधी निवड?

आमच्या घरात ‘निवडणं’ हा शब्द सगळ्यांत जास्त वेळा तांदळाबद्दल बोलला जायचा. आमचा बालाघाट हा मध्य प्रदेशातला धानाचा जिल्हा. इथल्या चिन्नोर तांदळाला 2021 साली भौगोलिक मानांकनही मिळालं. दुपारची भांडी आवरली की आजी ओट्यावर सूप घेऊन बसायची. बोटं दाण्यांवरून फिरत राहायची आणि खडा, काळा पडलेला दाणा, भरडायचा राहून गेलेला एखादा धान चिमटीत येऊन बाजूला पडायचा. सुपात काय राहतं याकडे तिचं लक्ष नसे. काय काढून टाकायचं तेवढं ती पाही.

नोकरी, जोडीदार, गाव, धर्म यांच्यासाठीही मराठी माणूस हेच क्रियापद वापरतो. पण तांदळात खडा ओळखू येतो. आयुष्यातल्या कठीण निवडीत दोन्ही बाजूंना दाणेच असतात आणि त्यांतला एक टाकावा लागतो. असा टाकलेला दाणा आपल्याला वेगळा माणूस करतो का? की आपण मुळात जसे असतो तसंच निवडतो आणि ‘त्या निर्णयानं मी घडलो’ ही नंतर रचलेली कहाणी असते? तत्त्वज्ञ, मानसशास्त्रज्ञ, अर्थतज्ज्ञ आणि आत्मचरित्रकार या प्रश्नाशी बराच काळ झगडत आले आहेत. गेल्या वीस वर्षांत त्यात नवी भर पडली आहे. ती चर्चा आज कुठे उभी आहे, हे आमच्या भागाच्या इतिहासाच्या आधारानं पाहायचा हा प्रयत्न आहे.

मंडाले आणि धुळे

मराठीपुरतं बोलायचं तर या चर्चेचा आधुनिक आरंभ मंडालेच्या तुरुंगात झाला असं म्हणायला हरकत नाही. टिळकांनी 1910-11 च्या हिवाळ्यात तिथे गीतारहस्य लिहिलं आणि 1915 मध्ये ते प्रसिद्ध झालं. ‘कर्मजिज्ञासा’ या प्रकरणात अर्जुनाचा पेच ते एकट्या अर्जुनाचा ठेवत नाहीत. शेक्सपिअरचे हॅम्लेट आणि कोरिओलेनस यांनाही ते त्याच पंगतीला बसवतात. सत्य, अहिंसा यांसारखे नियम एकमेकांवर आदळतात तेव्हा नियम हाताशी येत नाहीत, हे त्यांनी उदाहरणांमागून उदाहरणं देत दाखवलं. मग निर्णय करायचा कशाच्या जोरावर? टिळकांचं उत्तर बुद्धीपाशी जातं. बुद्धी सम आणि शुद्ध असेल तर कृती बरोबर होते. म्हणजे आधी माणूस घडलेला हवा, निवड त्याच्या मागून येते.

विनोबांनी 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. विनोबांचा कल निराळा आहे. स्वधर्म शोधावा लागत नाही. आई जशी निवडून मिळत नाही तसा तोही आपल्या वाट्याला आलेलाच असतो, असं ते सांगतात. इथे निवडीचं महत्त्वच कमी होतं. आता, हेच विनोबा 1916 मध्ये इंटरच्या परीक्षेला मुंबईला जायला निघाले आणि पोहोचले काशीला. आपली प्रमाणपत्रं त्यांनी त्याआधीच चुलीत टाकली होती. बाहेरून पाहणाऱ्याला याहून मोठी निवड दिसणार नाही. आतून मात्र त्यांना ती निवड वाटलीच नसावी असं मला वाटतं. आयुष्याला वळण देणारा निर्णय घेतलेली अनेक माणसं म्हणतात, ‘दुसरं काही करताच आलं नसतं.’ या एका वाक्यानं तत्त्वज्ञांनाही बराच काळ अडवून ठेवलं आहे.

पॅरिसचा विद्यार्थी

युरोपात या वादाला धार आली ती ऑक्टोबर 1945 मध्ये सार्त्रनं पॅरिसमध्ये दिलेल्या व्याख्यानानं. त्यात एका विद्यार्थ्याची हकीकत आहे. त्याचा थोरला भाऊ 1940 च्या जर्मन आक्रमणात मारला गेला होता आणि आई त्याच्या एकट्याच्या आधारावर जगत होती. इंग्लंडला जाऊन स्वतंत्र फ्रान्सच्या सैन्यात भरती व्हावं की आईजवळ राहावं, असं विचारायला तो सार्त्रकडे आला. तू स्वतंत्र आहेस, तेव्हा निवड कर, असा सल्ला सार्त्रनं दिला. यामागचं म्हणणं असं की माणसाचं कोणतंही आयतं सार नसतं. तो जे करतो त्यातून ते तयार होतं.

यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप चार्ल्स टेलर या कॅनडाच्या तत्त्वज्ञानं 1976 साली घेतला. आईचा हक्क आणि देशाचा हक्क हे दोन्ही त्या मुलाला आधीपासून बांधून होते, म्हणूनच तो पेचात पडला. दोन्ही मूल्यं त्याच्याच निवडीनं जन्मली असती तर त्यांतलं एक मोडीत काढायला त्याला काय लागलं असतं? निवडीच्या आधी काहीतरी असावं लागतं, नाहीतर निवड कठीण होतच नाही. मला हा आक्षेप आजही अनुत्तरित वाटतो.

हाच धागा पुढे ओळखीच्या वादात आला. मायकेल सँडेल यांनी 1982 मध्ये मांडलं की समाजात रुजलेला माणूस आपली ओळख निवडत नाही, ती त्याला सापडते. अमर्त्य सेन यांनी 2006 च्या पुस्तकात याला उत्तर दिलं. एकाच माणसाच्या अनेक ओळखी असतात आणि कोणत्या वेळी कोणतीला किती वजन द्यायचं हे त्यानं विचारानं ठरवायचं असतं. ‘सापडली’ म्हटलं की ती जबाबदारी टळते आणि दंगलीत त्याचे परिणाम दिसतात. दोघांच्या मांडणीत तथ्य आहे. सेन यांची मांडणी शहरी, शिकलेल्या माणसाला लवकर पटते. गावकुसाबाहेर राहणाऱ्याला ओळख सापडावी लागत नाही, ती त्याच्या अंगावर लादलेली असते. तिच्याकडे पुढे येऊ.

अलीकडच्या तिघींची नावं इथे घ्यायला हवीत. रूथ चँग यांचं म्हणणं असं की कठीण निवडीत दोन पर्याय सारखेही नसतात आणि एक दुसऱ्यापेक्षा सरसही नसतो. ते एकाच तोलाचे असतात. कारणं संपतात तिथे माणूस एका बाजूला स्वतःला वाहून घेतो आणि त्या वाहून घेण्यातूनच नवं कारण उभं राहतं. एल. ए. पॉल यांनी 2014 च्या पुस्तकात एक अडचण दाखवली. आई होणं, परमुलूख गाठणं, धर्म बदलणं अशा अनुभवांत निवड करणारीच बदलून जाते. पलीकडे गेल्यावर आपल्याला काय आवडेल हे अलीकडून कळायला मार्ग नसतो. मग लाभ-हानीचा हिशेब करायचा कोणाच्या वतीनं, आजच्या की उद्याच्या?

तिसऱ्या एडना उलमान-मार्गालिट. त्यांचा 2006 चा निबंध मला या सगळ्यांत जास्त उपयोगाचा वाटला, कारण त्यांनी मोठ्या वळणांचे प्रकार वेगळे केले. काही वेळा माणूस डोळे उघडे ठेवून उडी घेतो. काही वेळा त्याचं पूर्ण परिवर्तन होतं आणि नव्या माणसाला जुना ओळखू येत नाही. आणि पुष्कळदा काहीच ठरवलेलं नसतं. छोट्या छोट्या पावलांनी माणूस वाहत जातो आणि मागे वळून पाहतो तेव्हा दुसऱ्या काठाला लागलेला असतो. आपल्याकडच्या आत्मचरित्रांत उड्यांची वर्णनं भरपूर आहेत, वाहत जाण्याची मात्र क्वचितच सापडतात.

प्रयोगशाळेतून काय हाती लागतं

मानसशास्त्रानं हा प्रश्न लहान करून तपासला. जॅक ब्रेम यांच्या 1956 च्या प्रयोगात स्त्रियांना घरगुती वापराच्या वस्तूंना गुण द्यायला सांगितलं, मग दोनांपैकी एक घरी न्यायला दिली आणि पुन्हा गुण मागितले. घेतलेली वस्तू आता जास्त आवडत होती, सोडलेली कमी. पुढची पन्नासेक वर्षं ‘निवडीमुळे आवड बदलते’ याचा हा दाखला दिला गेला. मग 2010 मध्ये चेन आणि रायझन यांनी दाखवलं की या पद्धतीत आवड मुळीच बदलली नाही तरी आकडे तसेच दिसू शकतात, कारण निवड ही आधीच्या आवडीचीच खूण असते. म्हणजे आधी माणूस की आधी निवड हा जुना वाद गणितात उतरला. त्यानंतर ही त्रुटी टाळून झालेल्या प्रयोगांत परिणाम दिसतो, पण जुन्या दाव्यापेक्षा बेतानं.

गिल्बर्ट आणि एबर्ट यांचा 2002 चा प्रयोग घरात सांगण्यासारखा आहे. छायाचित्रण शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना स्वतः काढलेल्या दोन चित्रांतलं एक ठेवून घ्यायला सांगितलं. काहींना नंतर बदलून घ्यायची मुभा होती, काहींना नव्हती. ज्यांना परतीची वाट नव्हती त्यांना आपलं चित्र अधिक आवडू लागलं. तरी आधी विचारलं तर बहुतेक जण मुभाच मागतात. याच गिल्बर्ट यांच्या गटानं 2013 मध्ये 19 हजारांहून जास्त लोकांकडून माहिती घेतली. गेल्या दहा वर्षांत आपण खूप बदललो असं सगळ्या वयाची माणसं सांगत होती आणि येत्या दहा वर्षांत फारसे बदलणार नाही असंही सांगत होती.

अर्थतज्ज्ञ स्टीव्हन लेविट यांनी तर निर्णय नाण्यावर सोपवला. नोकरी सोडू का, नातं तोडू का अशा पेचातल्या लोकांनी त्यांच्या अभ्यासात वीस हजारांवर वेळा नाणं उडवलं. सहा महिन्यांनी विचारलं तेव्हा, मोठ्या निर्णयांच्या बाबतीत, ‘बदल कर’ असा कौल मिळालेले आणि त्यामुळे बदल केलेले लोक अधिक समाधानी असल्याचं सांगत होते. हा अभ्यास 2021 साली रीतसर छापून आला. मात्र नाणं उडवायला आलेली माणसं आधीच उंबऱ्याबाहेर एक पाय टाकून होती, आणि सहा महिने म्हणजे जेमतेम एक खरीप. गिलोविच आणि मेडवेक यांनी 1990 च्या दशकात दाखवलेला काळाचा फरक इथे जोडून वाचावा. केलेल्या चुकीची टोचणी लवकर लागते आणि ओसरते. न केलेल्या गोष्टीची हळूहळू लागते आणि उतारवयापर्यंत सोबत येते.

रानडे आणि कर्वे

प्रयोग महिन्यांचे असतात. वर्षांचा पुरावा हवा तर चरित्रांकडे जावं लागतं. सुदैवानं मराठीत एकाच पेचाची दोन उत्तरं वीस वर्षांच्या अंतरानं नोंदलेली आहेत.

विधवांच्या पुनर्विवाहाला कायद्यानं 1856 मध्ये मान्यता मिळाली होती. त्या चळवळीत महादेव गोविंद रानडे पुढे होते. 1873 मध्ये त्यांची पहिली पत्नी वारली. आता हा विधवेशी लग्न करील या धास्तीनं वडिलांनी घाई केली आणि त्याच वर्षी अकरा वर्षांच्या रमाबाईंशी त्यांचं लग्न लावून दिलं. वडिलांचा शब्द मोडणं एकतिशीतल्या रानड्यांना जमलं नाही. सुधारकांनी आणि टीकाकारांनी हे त्यांना आयुष्यभर ऐकवलं.

धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी राधाबाई 1891 मध्ये गेल्या. पुन्हा लग्न करायचं तर विधवेशीच, असं त्यांनी ठरवलं. 11 मार्च 1893 रोजी त्यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकणाऱ्या गोदूबाईंशी लग्न केलं. त्याच पुढच्या आनंदीबाई कर्वे. मुरुड या त्यांच्या गावच्या लोकांनी बहिष्कार घातला आणि त्याची झळ गावात राहणाऱ्या घरच्यांनाही लागली. त्याच वर्षी पुनर्विवाहाच्या कामासाठी मंडळी उभी राहिली, 1896 मध्ये विधवांसाठी आश्रम सुरू झाला आणि 1916 मध्ये महिला विद्यापीठ.

इथवर गोष्ट सरळ दिसते: एक वाकला, एक ताठ राहिला. पण पुढचं वाचलं की ती सरळ राहत नाही. रानड्यांनी लग्नानंतर रमाबाईंना शिकवायला घेतलं. घरातल्या बायकांनी त्यांना जेरीस आणलं, तरी ते शिक्षण थांबलं नाही. त्यातून 1909 मध्ये पुण्याच्या सेवासदनाची उभारणी करणाऱ्या आणि 1910 मध्ये आठवणींचं पुस्तक लिहिणाऱ्या रमाबाई उभ्या राहिल्या. हुकलेल्या निर्णयानं जे देणं अंगावर आलं, ते रानडे पुढची सत्तावीस वर्षं फेडत राहिले असं मला वाटतं. दुसरीकडे कर्व्यांनी आश्रमात मुली याव्यात म्हणून आश्रमाचं काम पुनर्विवाहाच्या चळवळीपासून वेगळं ठेवलं. ज्या प्रश्नावर त्यांनी स्वतः बहिष्कार सोसला, त्याला संस्थेच्या दारात थांबावं लागलं. 1893 चा निर्णय त्यांनी कधी सोडला नाही, पण तो पाळण्याची रीत त्यांना बदलावी लागली.

बर्नार्ड विल्यम्स या इंग्रज तत्त्वज्ञानं चित्रकार गोगँचं उदाहरण घेऊन विचारलं होतं की कुटुंब मागे सोडून गेलेल्या माणसाची निवड केवळ तो पुढे मोठा चित्रकार झाला म्हणून योग्य ठरते का. आश्रम बुडाला असता तर कर्व्यांचा निर्णय चुकीचा ठरला असता? बहुतेक मराठी वाचक ‘नाही’ म्हणतील. मग रानड्यांचा निर्णय रमाबाईंमुळे बरोबर ठरतो का? तिथेही ‘नाही’च म्हणावं लागतं. मला या दोन चरित्रांतून एक गोष्ट दिसते. मराठीत ‘निवडणं’ एका क्षणात होतं, ‘पत्करणं’ वर्षांनुवर्षं चालतं. माणूस घडतो तो बहुधा पत्करण्यात. चँग यांचं ‘वाहून घेणं’ त्याच्याजवळ जातं, पण त्यांच्या मांडणीत बहिष्कार टाकणारं गाव नाही.

सन 1956 चे अठरा दिवस

आमच्या भागात या प्रश्नाचा सगळ्यांत मोठा पुरावा 14 ऑक्टोबर ते 1 नोव्हेंबर 1956 या अठरा दिवसांत सापडतो.

14 ऑक्टोबरला नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आणि त्यांच्याबरोबर लाखो लोकांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, बावीस प्रतिज्ञा घेतल्या. हिंदू म्हणून मरणार नाही, ही घोषणा बाबासाहेबांनी 13 ऑक्टोबर 1935 रोजी येवल्यात केली होती. मधली एकवीस वर्षं ते वाचत होते, धर्म पारखत होते. शीख धर्माचाही त्यांनी गंभीरपणे विचार केला. मोठी निवड क्षणात होते या समजुतीला याहून मोठं उत्तर मला माहीत नाही.

अभ्यासकांत इथेही दोन बाजू आहेत. एलिनॉर झेलियट यांच्यासारख्या संशोधकांनी दाखवलं की 1927 च्या महाडच्या सत्याग्रहापासून, किंबहुना त्याही आधीपासून, दलित समाजाची नवी जाणीव राजकारणातून तयार होत आली होती. दीक्षेनं तिला नाव आणि घर दिलं. दुसरी बाजू खंडावर भर देते. देव्हाऱ्यातले देव निघाले, मेलेली ढोरं ओढणं थांबलं, लग्नाचे विधी बदलले, मुलांची नावं बदलली. ज्यांच्यावर ओळख लादलेली होती त्यांनी ती उतरवून ठेवली. पॉल यांची अडचण इथे उलटी वाचावी लागते. पलीकडे काय असेल हे माहीत नव्हतं, पण अलीकडे काय आहे हे पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं. आणि किंमत रोख होती. धर्म बदलल्यावर अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती सुटल्या. नवबौद्धांना त्या यादीत जागा 1990 साली मिळाली. मधल्या काळात शाळेच्या दाखल्यावर कोणता धर्म लिहायचा हा प्रश्न घराघरांत वर्षागणिक नव्यानं उभा राहिला. 2011 च्या जनगणनेत देशातल्या सुमारे 84 लाख बौद्धांपैकी 65 लाख महाराष्ट्रातले होते.

त्या ऑक्टोबरमध्ये नागपूर ही मध्य प्रदेशाची राजधानी होती आणि बालाघाट त्याच राज्यातला जिल्हा. इंग्रजी अमदानीतही बालाघाट नागपूर विभागातच मोडायचा. 1 नोव्हेंबरला राज्य पुनर्रचना अमलात आली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, बालाघाट नव्या मध्य प्रदेशात राहिला. वैनगंगा तीच, पलीकडचं गोंदिया तेच, मधली नॅरोगेज गाडीही तीच. इथल्या मराठी घरांना कोणी काही विचारलं नव्हतं.

माझे आजोबा तेव्हा शाळामास्तर होते. गोंदियाच्या थोरल्या भावानं त्यांना ‘इकडे ये’ म्हणून लिहिलं होतं. वारासिवनीजवळ धानाच्या चार बांध्या होत्या, रोवणीला माणूस हवा होता, ते राहिले. भावाभावांच्या पोस्टकार्डांचा गठ्ठा माझ्याकडे आहे. 1957 ची कार्डं शुद्ध मराठीत आहेत, शेवटी ठरलेलं ‘काळजी घेणे’. सत्तरीच्या दशकात माझ्या वडिलांच्या अक्षरातली कार्डं सुरू होतात. लिपी देवनागरीच, म्हणून प्रथमदर्शनी फरक कळत नाही. मग लक्षात येतं की ‘ळ’ गेलेला आहे. ‘बाळू’चा ‘बालू’ झालाय, ‘शाळे’चं ‘स्कूल’ झालंय, आणि एका कार्डावर ‘काळजी’च्या जागी ‘ध्यान रखना’ आहे. घरात हिंदी आणायची असं कोणी कधी ठरवलं नव्हतं. आजोबांनी बांध्या निवडल्या होत्या. भाषा त्यांच्यामागून वाहत गेली. मी पुन्हा मराठीत लिहू लागलो ते नागपुरात शिकायला गेल्यावर, आणि ती मात्र माझी निवड होती.

निवड म्हणायचं कशाला

वरच्या प्रयोगांतली बरीचशी माणसं अमेरिकेतली आहेत. कृष्णा सवानी, हेझल मार्कस आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये तपासलं तेव्हा अमेरिकन लोकांच्या तुलनेत भारतीय लोक स्वतःच्या कृतींना ‘निवड’ कमी वेळा म्हणत असल्याचं दिसलं. शीना अय्यंगार आणि मार्क लेपर यांच्या 1999 च्या अभ्यासात आशियाई वंशाच्या मुलांनी आईनं ठरवून दिलेल्या कामात सर्वांत जास्त चिकाटी दाखवली. गोऱ्या अमेरिकन मुलांनी स्वतः निवडलेल्या कामात. यावरून ‘आपल्याकडे निवड नसते’ असा निष्कर्ष काढणं चूक होईल. आपल्या घरांत निर्णय वाटून घेतलेला असतो. बारावीनंतर मुलीला नागपूरला नर्सिंगला पाठवायचं की नाही हे इथे बाप, आजी, मामा आणि शेतीचं त्या वर्षीचं उत्पन्न मिळून ठरवतात. शिक्षक म्हणून असे अर्ज मी कितीदा भरून दिले आहेत. अर्जावरची सही तेवढी एकटीची असते.

सेन आणि मार्था नुसबॉम यांनी इथे धोक्याची सूचना दिली आहे. जे मिळणारच नाही त्याची इच्छाच न धरण्याची सवय लागते, आणि मग मन मारणं समाधानासारखं दिसू लागतं. आजीला मी एकदा विचारलं होतं, गोंदियाला जावंसं वाटलं नाही का. सूप खाली न ठेवता ती म्हणाली, ‘मला कुणी विचारलं असतं तर वाटलं असतं.’

याच जिल्ह्याच्या जंगलातला एक प्रश्न अभ्यासकांनी अजून पुरेसा हाती घेतलेला नाही. माओवाद्यांच्या हिंसेत बालाघाटनं पुष्कळ सोसलं; डिसेंबर 1999 मध्ये राज्याचे मंत्री लिखीराम कावरे यांची याच जिल्ह्यात हत्या झाली. ऑक्टोबर 2025 मध्ये गडचिरोलीत माओवादी नेते मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती यांनी साठ साथीदारांसह मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रं ठेवली आणि त्यानंतर बालाघाटमध्येही आत्मसमर्पणं झाली. यांत अजाणत्या वयात दलात गेलेली मुलंमुली आहेत. त्यांचं जाणं ही निवड होती का? परत येणं होती का? ज्या घरांतली माणसं मारली गेली त्यांना हा प्रश्न ऐकून काय वाटेल, हेही त्याच प्रश्नात येतं. एक बाजू म्हणते की पूर्ण जबाबदारी मानल्याशिवाय नवं आयुष्य उभं राहत नाही. दुसरी म्हणते की परिस्थितीचा वाटा मोजल्याशिवाय जबाबदारी ठरवता येत नाही. दोन्ही बाजूंकडे सहृदय माणसं आहेत.

सुटायचं राहिलेलं

इतक्या चर्चेनंतर काही गोष्टींवर बऱ्यापैकी एकमत दिसतं. निवडीच्या आधी काहीतरी बांधून ठेवणारं असतं, हे सार्त्रनंतर बहुतेकांनी मान्य केलं आहे. निवडीनंतर आवड सरकते, पण बेतानं. लग्न, मूल, नोकरी अशा घटनांनी स्वभावात होणारे बदलही अपेक्षेपेक्षा लहान निघतात. मग माणसं ‘मी पार बदललो’ असं ज्याबद्दल सांगतात ते नेमकं काय बदलतं? नाती, शब्द, बांधिलकी, कोणासमोर मान खाली घालायची आणि कोणासमोर नाही, हे कदाचित स्वभावाच्या प्रश्नावलीत येतच नसेल. नागपूरच्या दीक्षेत स्वभावाचा कोणता गुण किती अंशांनी वाढला असं विचारून काय हाती लागणार?

न जगलेलं आयुष्य मोजता येत नाही, ही दुसरी अडचण. गोंदियाला गेलेले माझे आजोबा कुठेच नाहीत, म्हणून त्यांच्याशी तुलना करता येत नाही. आणि पुरावा म्हणून आपण जी चरित्रं उचलतो ती तरलेल्यांची असतात. कर्व्यांनी आत्मवृत्त लिहिलं, रमाबाईंनी आठवणी लिहिल्या, आनंदीबाई कर्व्यांनीही ‘माझे पुराण’ लिहिलं. पुनर्विवाह केला आणि मोडून पडली अशा बाईनं काही लिहिलं असेल तर ते आपल्यापर्यंत आलेलं नाही.

तिसरा प्रश्न किमतीचा. निर्णय एकाचा आणि किंमत घरातल्या दुसऱ्याची, असं किती ठिकाणी होतं ते तत्त्वज्ञांच्या मांडणीत फार उशिरा येतं. सार्त्रच्या विद्यार्थ्याच्या आईचं म्हणणं काय होतं, हे त्या व्याख्यानात तिच्या तोंडून येत नाही.

आपल्याकडचा पुरावा अजून गोळा करता येण्यासारखा आहे, पण त्याला मुदत आहे. दीक्षाभूमीवर 1956 च्या त्या सकाळी पांढरं लुगडं नेसलेल्या आईच्या कडेवर किंवा बापाचं बोट धरून आलेल्यांपैकी, तेव्हा दहा वर्षांची असलेली मुलगी आज ऐंशीच्या घरात आहे. त्यांतली काही घरं सीमेच्या अलीकडे, आमच्या बाजूला राहिली. त्यांच्याकडे दाखले आहेत, लग्नाच्या पत्रिका आहेत, आणि घरात काय टाकलं, काय ठेवलं याची आठवण आहे. ती विचारून घ्यायचं काम गावागावांतून अजून व्हायचं आहे.